अनुभव धागा: सेकंडहॅण्ड गाडीचं दुखणं नेमकं कुठे सापडलं?

गेल्या दिवाळीत २०१४ ची, एमएच ३१ पासिंगची पेट्रोल गाडी घेतली. घरातली पहिली चारचाकी. चालायला छान आहे, पण एक दुखणं मागे लागलंय. रविवारी कोराडीला किंवा सासुरवाडीला जाऊन आलो आणि गाडी उभी केली, की गुरुवारी सेल्फ घेत नाही. नुसती टिकटिक. मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली, म्हणून नवी टाकली. ४,२०० रुपये. ती नवी बॅटरीही दुसऱ्याच आठवड्यात उतरली. आता तो अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलू म्हणतो.

पुढचा खर्च करण्याआधी तुम्हाला विचारतोय. आपल्यासारख्यांच्या गाड्या वॉरंटीबाहेरच्या, आणि सगळी भिस्त कोपऱ्यावरच्या गॅरेजवर. तेव्हा तुमचे अनुभव लिहा. लक्षण काय होतं, आधी काय बदललं आणि शेवटी कारण काय निघालं. फसलेले उपाय गाळू नका, मला तेच जास्त हवे आहेत. गॅरेजचं किंवा डीलरचं नाव मात्र नको.
(प्रतापनगर)

बेसा, २०११ ची पेट्रोल

माझी गोष्ट तापणाऱ्या इंजिनाची. मे महिन्यात भरदुपारी बुटीबोरीहून येत होतो, काटा लाल रेघेला टेकला. गाडी झाडाखाली घेतली, बोनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात टपरीवाल्याने मनगट धरलं. "भाऊ, हात जाळून घेता का? अर्धा तास थांबा न." त्याचे उपकार आहेत माझ्यावर. आतलं पाणी दाबाखाली असतं, गरम असताना झाकण सैल केलं की उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं.

गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचा वॉल्व्ह, काढून टाकला. "आपल्या नागपुरात याचं कामच नाही, वॉल्व्ह काढला की पाणी फिरत राहते." तो उन्हाळा निघाला. डिसेंबरात मात्र सकाळी काटा वर चढेना, हीटर कोमट, लिटरला १६ देणारी गाडी १३ वर आली, आणि चेक इंजिनचा दिवा लागला. भाच्याने त्याचा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, कोड आला पी०१२८. इंजिन जेवढं तापायला हवं तेवढं तापत नाही, असा त्याचा अर्थ. थर्मोस्टॅट साधारण ८०-८५ अंशांपर्यंत बंद राहून इंजिनाला लवकर ऊब देतो, मग उघडतो. तोच नसला की इंजिन गारच राहतं आणि गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं.

मग दुसऱ्या गॅरेजमध्ये रेडिएटर खाली उतरवला. मिस्त्रीने टॉर्च मारून दाखवलं: नळ्यांच्या तोंडाशी पांढरा कडक थर, गिझरच्या कॉइलवर बसतो ना, अगदी तसा. आधीचा मालक वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आला होता. अर्ध्याअधिक नळ्या बंद. म्हणजे थर्मोस्टॅटचा दोष कधी नव्हताच. नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट परत जागेवर, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, सगळं मिळून ६,८०० रुपये. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, काटा मध्यावरून हलला नाही.

धरमपेठ

मुलीला शिकवणीला सोडणं-आणणं माझ्याकडे असतं, त्यामुळे एसीचं दुखणं मीच भोगलं. गाडी पळत असताना गारवा छान. सिग्नलला थांबली की दोन मिनिटांत गरम वारा. दर एप्रिलला "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरून दिला, असं दोन वर्षं चाललं.

तिसऱ्या वर्षी मी स्वतः एसी लावून बोनेट उघडलं आणि नुसती बघत उभी राहिले. समोरचा पंखा फिरतच नव्हता. गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागून कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी) थंड होतो, उभी राहिली की ते काम पंख्याचं. मोटरचे कार्बन झिजले होते. पंख्याची मोटर बदलली आणि विषय संपला. गॅस हवेत उडून जात नाही. तो दरवर्षी कमी होत असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता कोणी नुसता भरून देत असेल तर पैसे देऊ नका, हे मी आता ठामपणे सांगते.

अंबाझरी ले-आउट

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी गल्लीत शिरलं. दार उघडलं तर गाडीच्या सीटपर्यंत पाणी. उजाडल्यावर पाणी उतरलं आणि जो तो आपापल्या गाडीकडे धावला.

माझ्या भावाचा फोन आला, त्याने एकच वाक्य तीनदा म्हटलं: "चावी लावू नको." मी लावली नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकांनी लावली. एक ठक्क आवाज आला आणि इंजिन जाम. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (इंजिनासाठीचं जादा संरक्षण) नव्हतं, इंजिनाचा खर्च खिशातून गेला. त्या सकाळचा त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. सव्वा वर्षाच्या हप्त्यांची गाडी होती.

माझं असं झालं: आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पाणी कुठवर चढलं होतं त्याचे चारही बाजूंनी फोटो घेतले आणि विमा कंपनीला कळवलं. गाडी उचलून नेली, ढकलत किंवा ओढत सुरू करायचा प्रयत्न कोणाला करू दिला नाही. गॅरेजमध्ये ऑइलची डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. पाणी मिसळलं की असंच दिसतं. प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, ऑइल आणि फिल्टर दोनदा बदलले, गिअर ऑइल बदललं, एअर फिल्टर फेकला. सीट, कार्पेट, खालचा फोम सगळं काढून आठ दिवस उन्हात वाळवलं. इंजिन वाचलं. वायरिंगचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) मात्र पुढचं वर्षभर एकेक करून हिरवे पडत गेले.

नंदनवन

वरचा अनुभव वाचून माझा लिहायलाच हवा. तशीच पुरातली एक गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या गळ्यात पडली. बाहेरून चकाचक, आत भरपूर सेंट मारलेला. पंधरा दिवसांत सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करायला लागलं, मग पॉवर विंडो, मग मीटरचे दिवे.

आता मी नातेवाइकांसोबत गाडी पाहायला जातो तेव्हा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढतो. सगळे सीट धुतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतलं टोक कोणी धूत नाही. माझ्या गाडीत तिथे चिखलाची सरळ रेघ होती. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून फोम दाबायचा, सीटच्या रुळांवर गंज बघायचा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा. दहा मिनिटं लागतात. ज्याला खरंच गाडी विकायची आहे तो नाही म्हणत नाही.

महाल

उंदीर. गाडी आठवडाभर वाड्यात उभी राहिली आणि इंजिन तीन सिलिंडरवर चालायला लागलं, थरथर. प्लग बदलले, कॉइल बदलली. शेवटी कळलं, इंजेक्टरची वायर कुरतडली होती. जोड ६० रुपयांचा, आधीचा खर्च २,९०० चा. आता एक दिवसाआड बोनेट उघडून ठेवतो आणि खालून जाळी ठोकून घेतली आहे. तंबाखूची पानं, डांबर गोळ्या हे सगळं करून पाहिलं, चार दिवस टिकतं.

मानेवाडा, डिझेल

चिखलदऱ्याहून उतरत होतो. गाडीत आई, बाबा, बायको, मुलगा आणि सामान. मी सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवत होतो, गिअर चौथा. परतवाड्याच्या अलीकडे एका वळणावर पाय दाबला तर पेडल मऊ, स्पंजवर पाय ठेवल्यासारखं खाली गेलं. दोनदा पंप केल्यावर थोडं लागलं. हॅण्डब्रेक हळूहळू ओढत, दुसरा गिअर टाकून गाडी कडेला घेतली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले.

नागपूरला येऊन ब्रेक पॅड बदलायला सांगितले. मिस्त्री म्हणाला, पॅड ठीक आहेत, ऑइल बघा. डब्बीतलं ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं. आधीच्या मालकाने बहुधा कधी बदललंच नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि त्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सतत ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल खाली बसतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) ते बघूनच भरायचं, आणि सगळ्या चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्यायची. खर्च ७०० रुपये. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं. त्या दिवशी विसरलो होतो.

वाडी

समृद्धीवर जाणाऱ्यांसाठी. नक्षी छान दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. टायरच्या बाजूवर DOT अशी अक्षरं असतात, त्यांच्या पुढच्या कोडात शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मी घेतलेल्या गाडीच्या टायरवर १८१५ होतं, म्हणजे २०१५ चा अठरावा आठवडा. गाडी कमी चाललेली, म्हणून नक्षी शाबूत. शिर्डीला निघायच्या आदल्या दिवशी पंक्चरवाल्याने बाजूच्या बारीक भेगा नखाने उकलून दाखवल्या. चारही बदलले. सिमेंटचा रस्ता, उन्हाळा आणि ताशी १२० चा वेग, अशात तो टायर किती किलोमीटर टिकला असता याचा विचारही नको वाटतो. स्टेपनीची तारीखही बघा, तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

सदर

कागदाचं दुखणंही दुखणंच. गाडी विकून दहा महिने झाले होते, चालान माझ्याच मोबाईलवर येत होते, कारण घेणाऱ्याने ट्रान्सफरच केलं नव्हतं. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या की आपलं काम संपलं, असं मी समजत होतो. अपघात झाला असता तर कागदावर मालक मीच. घेणाऱ्यांनी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या.

हिंगणा रोड, एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स

प्रतापनगरच्या दादांसाठी. अल्टरनेटर बदलू नका, आधी मोजा. ४०० रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी सुरू करून बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर ठणठणीत आहे.

मग गाडी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवून बॅटरीचा खांब आणि ती वायर यांच्या मध्ये जोडा. दारं बंद, चावी खिशात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. अर्धा तास थांबा, गाडीतली यंत्रणा झोपायला वेळ लागतो. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, त्या लाइनवर चोर आहे. आकडा इथे लिहा, पुढचं मिळून बघू.

प्रतापनगर

दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. सुरू गाडीवर १४.१ आला, म्हणजे अल्टरनेटरला हात लावायची गरज नाही. बंद गाडीवर अर्ध्या तासानंतरही ०.४१ अँपिअर. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. दिवसाला दहाच्या आसपास जात होते, म्हणजे रविवारची गाडी गुरुवारी का झोपते ते तिथेच कळलं. फ्यूज काढत गेलो. रूम लाइटचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०२ वर आला.

पण आतला दिवा तर बंद होता. मग मुलीने युक्ती सांगितली. तिचा मोबाईल व्हिडिओवर लावून डिकीत ठेवला, डिकी बंद केली, मिनिटभराने उघडली. व्हिडिओत डिकीचा दिवा लख्ख लागलेला. नेहमी डिकी उघडल्यावरच बघतो, त्यामुळे तो बंद झाल्यावरही जळतोय हे कळायला मार्ग नव्हता. आधीच्या मालकाने मागून ठोकर बसल्यावर डिकीचं डेंटिंग केलं होतं. लॉकजवळचं बटण त्यात दोन मिलिमीटर आत गेलं होतं, झाकण त्याला टेकतच नव्हतं. बटणावर रबराचा तुकडा चिकटवला.

आज शुक्रवार. गाडी रविवारपासून हलवली नव्हती. सकाळी आधी मीटर लावला, १२.५. मग चावी फिरवली, पहिल्याच सेल्फला सुरू झाली. बायकोला वर हाक मारून सांगितलं, आणि गाडी बंद न करता सगळ्यांना घेऊन फुटाळ्याला चक्कर मारून आलो.