भाचीला अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आतून दाखवायचाय, पुण्यात कुठे जमेल?

कोथरूडचा_मामा:
नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे, साताऱ्याहून दिवाळीच्या सुट्टीत येतेय. गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात पानोपानी कुत्रा काढते, वही फर्रकन उलटली की तो पळतो. ताईच्या मते वही वाया गेली. मला वाटतं, पोरीला ही कामं करणारी माणसं एकदा भेटवावीत. एका ठिकाणी चौकशीला गेलो तर कोर्सचं माहितीपत्रक हातात ठेवलं. फी बघून गुपचूप परत आलो. कोर्स नकोय हो, नुसतं बघायचंय. मी मेकॅनिकलवाला, यातलं मला शून्य कळतं.

पेठी_आगाऊ:
लॉ कॉलेज रोडला फिल्म इन्स्टिट्यूट आहे की. प्रभातचा जुना स्टुडिओ तोच.

रेघोट्या:
आगाऊ, ते जरूर बघावं, पण प्रश्न वेगळा आहे.

मामा, चौदा वर्षं पुण्यात हेच करतोय, म्हणून सांगतो. 'दिल्ली सफारी'सारखा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा पुण्यातल्या क्रेयॉन पिक्चर्सने केला खरा, पण माझ्या वाट्याला आलेलं बरंचसं काम बाहेरच्या कंपन्यांचं. करारात गुप्ततेची अट असते. सिनेमा लागेपर्यंत बायकोलाही सांगता येत नाही. फोन दारातच जमा. आणि आत शिरलात तरी दिसणार काय? पडदे ओढलेला हॉल आणि हेडफोन लावलेली पन्नास डोकी. पोरगी दहा मिनिटांत कंटाळेल.

बघायचाच तर एक शॉट घडताना बघा. माझा मागचा शॉट असा होता: म्हातारी भरलेली बादली घेऊन जिना चढते. पडद्यावर चार सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं; एकूण ९६. आठवडा गेला. पहिल्या दिवशी तर संगणकाला हातही लावला नाही. पॅन्ट्रीतली बादली भरली, जिना चढलो, सहकाऱ्याने ऑफिसच्या कॅमेऱ्यावर शूट केलं. मग रिकामी घेऊन चढलो. दोन्ही शेजारी लावून बघितलं तेव्हा कळलं, भरलेल्या बादलीला खांदा आधी पडतो, मोकळा हात आपसूक बाहेर जातो, आणि पाय उचलण्याआधी माणूस जरासा थबकतो. सहा फ्रेम, पाव सेकंद. तेवढं थबकणं राहिलं असतं तर म्हातारी थर्माकोल उचलतेय असं वाटलं असतं.

झाडू मारणाऱ्या मावशी हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, बादली अशी धरतात होय?" आणि उचलून दाखवली. मनगट आत वळवून. शॉटमध्ये मनगट मावशींचंच आहे.

तेव्हा रिसेप्शनला विचारू नका. स्वतःची फिल्म करणारी पाच-सहा जणांची छोटी टीम गाठा, थेट दिग्दर्शकाला मेल करा, वहीचा व्हिडिओ जोडा. २८ ऑक्टोबरच्या आसपास जमलं तर उत्तम, तो आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन. १८९२ साली त्या दिवशी एमिल रेनोने पॅरिसमध्ये हाताने रंगवलेली हलती चित्रं पडद्यावर दाखवली, ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या सिनेमा-खेळाच्या तीन वर्षं आधी.

रात्रपाळी_रेंडर:
+१. फक्त पोरीला रात्री दोनला अडकलेलं रेंडर (संगणक शेवटची चित्रं तयार करत बसतो ते) आणि थंडगार वडापावही दाखवा. म्हणजे नंतर मामाच्या नावाने शंख नको.

कोथरूडचा_मामा:
जाऊन आलो! एरंडवण्यात एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत चौघंजण बसतात. दिग्दर्शकबाईंनी वही सहा वेळा उलटली. शाबासकी वगैरे काही नाही. विचारलं, "पळण्याआधी कुत्रा काय करतो?" पोरगी गप्प. मग तिथेच फरशीवर ओणवी झाली, म्हणाली, "मागे दबतो." "मग ती पानं कुठायत?" तिने तिथेच बसून तीन पानं काढली. मधे घालून उलटली आणि काय सांगू, आधी कुत्रा नुसता सरकत होता, आता उसळला. मलासुद्धा दिसलं. निघताना बाईंनी एवढंच सांगितलं, "कान जरा उशिरा पोचू देत."

आता ताईचा फोन, पोरगी शेजारच्या गोठ्यात म्हशीच्या शेपटीकडे तासभर बघत बसलीय. तर मंडळी, वही कुठली घेऊ? शंभर पानी की दोनशे?

रेघोट्या:
वही नको. अप्पा बळवंत चौकातून स्टिकी नोट्सचे दोन गठ्ठे घ्या. शेवटच्या पानापासून काढायला सांगा, म्हणजे खालचं चित्र दिसत राहतं.