वूंडेड नी वगळा म्हणणाऱ्यांना उत्तर

माळरान (धागाकर्ती)

काल इथे साउथ डकोटाचं जे प्रवासवर्णन आलं, त्यातल्या दोन मुद्द्यांनी रात्री झोप लागू दिली नाही. पहिला असा की वूंडेड नीला, म्हणजे १८९० साली अमेरिकी सैन्याने लाकोटांची कत्तल केली त्या जागी, फलक आणि टेकडीवरची कबर यापलीकडे बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे बॅडलँड्सहून थेट माउंट रशमोर गाठा. दुसरा असा की तिथे एक लाकोटा (तिथली मूळ अमेरिकी जमात) आजोबा आठ-नऊ वर्षांच्या नातवाला कत्तलीची हकिगत सांगत होते, एवढ्या लहान पोराला हे ऐकवणं क्रूर आहे, मोठं झाल्यावर शाळेत कळेलच.

शाळेत? लाकोटा मुलांना? १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा उघडली, तेव्हा पहिल्या तुकडीत रोझबड आणि पाइन रिज या लाकोटांच्या राखीव प्रदेशांतलीच मुलं होती. केस कापले, नावं बदलली, घरची भाषा तोंडातून आली की शिक्षा. मुलांना हजार मैलांहून लांब नेलं ते आजी-आजोबांचा वारा लागू नये म्हणूनच. अशा घरात आजोबा स्वतः नातवाला गाडीत घालून घेऊन येतात, ते उगाच नाही.

मी रॅपिड सिटीत राहते. लॅबमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या एक ओग्लाला (लाकोटांचीच एक शाखा) बाई उन्हाळ्यात नातीला घेऊन फिरतात. एका जूनमध्ये मीही सोबत होते. सुरुवात झाली टिंप्सिला खणण्यापासून. हा माळावरचा कंद. जून सरला की वरचा पाला मोडून वाऱ्यावर निघून जातो आणि मग कंद कुठे आहे ते कळत नाही. नातीने पहार रोवली, अंगाचा भार टाकून माती उचकटली, कंद काढला. आजीने बोंड चुरून बी त्याच खड्ड्यात टाकायला लावलं. मग गाडीच्या बॉनेटवर बसून दोघींनी तपकिरी साल सोलली, एक कंद कच्चाच कराकरा खाल्ला आणि बाकीच्यांच्या लांब मुळ्यांची वेणी घातली, आपण लसणाची घालतो तशी. पुढे बेअर ब्यूट, त्यांचा पवित्र डोंगर. तिथे झाडांना प्रार्थनेची रंगीत फडकी बांधलेली असतात. मी मोबाइल वर केला तर पोरीनेच माझा हात खाली केला.

वूंडेड नी त्यानंतर. म्हणजे तिथे पोचेपर्यंत त्या मुलीला आपली माणसं काय खातात, कुठे प्रार्थना करतात, कशावर हसतात हे माहीत झालं होतं. हा क्रम आजीने विचार करून लावलेला होता. तुम्ही कबरीपाशी पाच मिनिटं थांबून आजोबांचं फक्त एक वाक्य ऐकलंत आणि निकाल देऊन मोकळे झालात.

सह्यवारा

ते वर्णन माझंच. सोबत मधुमेही आई-वडील आणि दोन मुलं असताना, धड स्वच्छतागृह नसलेल्या ठिकाणी आडवाट करून जा असं मी कुणाला सांगणार नाही. तो सल्ला सहलीला निघालेल्या कुटुंबांसाठी होता, लाकोटांसाठी नव्हे.

मुलाबद्दल मात्र ठामच आहे. माझ्या आजोबांचं घर १९४८ च्या जाळपोळीत गेलं. गांधीहत्येनंतर साताऱ्याकडे काय झालं ते इथे सांगायला नको. मी सात वर्षांचा असल्यापासून ते मला त्या पडक्या जोत्यावर नेऊन उभं करत. कोण आलं, कुणी रॉकेल ओतलं, कोणत्या आळीतले होते, सगळं नावानिशी. परिणाम काय? त्या आळीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता, त्याच्याशी मी दहावीपर्यंत बोललो नाही. त्याचा काय दोष होता? आजोबा गेले, वैर मला ठेवून गेले. ज्याला हे भोगावं लागलंय त्याला आजोबांच्या गोष्टींचं कौतुक सांगू नका.

घाटमाथा

तुमच्या आजोबांची त्या लाकोटा आजोबांशी बरोबरी लावू नका. तुमचं जळालं ते घर, यांचा गेला तो अख्खा मुलूख, आणि तो तंटा आजही मिटलेला नाही. १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटांचे. १८७४ ला अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या मोहिमेत सोनं सापडलं, १८७७ ला डोंगर हिसकावले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा होतं हे मान्य करून भरपाई ठरवली. ती लाकोटांनी आजतागायत उचललेली नाही, त्यांना डोंगरच परत हवेत. व्याजासकट ती शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. पाइन रिजची गरिबी पाहिली असेल तर त्या नकाराची किंमत कळेल. तो नातू उद्या मोठा होऊन पैसे घ्यायचे की नाही यावर मत देणार. त्याला कधी सांगायचं, अठरावं लागल्यावर?

सह्यवारा

घर जळणं म्हणजे किरकोळ बाब, असं तुम्हाला म्हणायचंय का? ज्यांच्या घरात हे झालं ती माणसंही इथे वाचतात. जरा भान ठेवा.

कागदपत्र

दोघांनीही आवरा. माझी शंका वेगळी आहे. आजोबांनी सांगितलं म्हणजे इतिहास झाला का? माझ्या पणजोबांनी पानिपतावरून परतलेल्या पूर्वजाची गोष्ट सांगितली आणि आमच्या भाऊबंदांत तिच्या निदान तीन आवृत्त्या आहेत. मुलाला आधी पुरावा म्हणजे काय ते शिकवा.

माळरान

लिटल बिगहॉर्नच्या लढाईचंच उदाहरण घ्या. जून १८७६ मध्ये कस्टरची तुकडी संपली. शेवटपर्यंत टेकडीवर पाय रोवून लढले ही कथा शंभर वर्षं छापली गेली. लाकोटा आणि त्यांच्या बाजूने लढलेल्या शायेन जमातीचे म्हातारे सांगत होते की बऱ्याच ठिकाणी फळी लवकर मोडली, पळापळ झाली. त्यांचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८३ साली रणांगणावरचं गवत जळालं, पुढच्या वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी काडतुसांच्या पुंगळ्या कुठे कशा पडल्यात याचा नकाशा केला. तो म्हाताऱ्यांच्या बाजूने बोलला. आणि तेव्हाही त्या जागेचं अधिकृत नाव कस्टरचंच होतं, ते १९९१ साली बदललं.

वूंडेड नीचं तर कागदपत्रच बघा. २९ डिसेंबर १८९० ला अडीचशे ते तीनशे माणसं मारली, त्यात कितीतरी बायका-मुलं होती, आणि वीसेक सैनिकांना देशाचं सर्वोच्च शौर्यपदक. २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ती पदकं राहतील असं जाहीर केलं. मुलाने हा पुरावा धरायचा का?

कागदपत्र

पुंगळ्यांचा मुद्दा मान्य. पण तोही पुराव्याने सुटला, श्रद्धेने नाही, एवढं लक्षात असू द्या.

वैनगंगा

कार्लाइलसाठी गळा काढताय, मग आपल्याकडे काय चाललंय? गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा काढली. गावातली म्हातारी माणसं पोरांना रानात नेऊन शिकवतात. सरकारने काय दिलं? शाळा अनधिकृत असल्याची नोटीस. मी आश्रमशाळेत शिकवते. पहिलीतलं पोर गोंडीत पाणी मागतं आणि वर्गातल्या मास्तरांना कळत नाही. डकोटात जाऊन हळहळायला विमानाचं तिकीट लागतं, इथे एसटीने येता येईल.

इंद्रावती

मॅडम, मी त्याच आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलोय, माडिया आहे, आज पुण्यात इंजिनिअर आहे. माझ्या आजीला रानातली प्रत्येक वेल ओळखता यायची. मलेरियाने तिची तीन मुलं गेली. ती वेल कामाला आली नाही, आली ती आश्रमशाळेत शिकलेली नर्स. मला कुणी हजार मैल पळवून नेलं नाही, बापाने स्वतः नेऊन सोडलं. आमच्या शाळांना कार्लाइल म्हणू नका. शहरातल्या लोकांना आमची पोरं रानात नाचताना हवी असतात आणि स्वतःची सीबीएसईत.

वैनगंगा

मी शहरातली नाही, आरमोरीची आहे. आणि आश्रमशाळा बंद करा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. गोंडीत शिकवलं तर इंजिनिअर होत नाही हे कुणी ठरवलं? तुम्ही आजीशी शेवटचं धड कधी बोललात?

इंद्रावती

हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क नाही.

तरी सांगतो. ती गेली तेव्हा मी बाराव्या वर्गात होतो, सुट्टीत घरी आलो की निम्मं बोलणं काकू समजावून द्यायची. माझ्या मुलीला मी दिवाळीत भामरागडला नेतो, माझी आई तिला नदीवर नेते, मासे धरायला शिकवते. तो माझा निर्णय आहे. पण माझी मुलगी शाळाही बुडवणार नाही. मोहगावला दिलेल्या नोटिशीचा निषेध मी करतो, सरकारने ती द्यायला नको होती. कार्लाइल मात्र मागे घ्या.

वैनगंगा

कार्लाइल हा शब्द सोडते. पोराला पाणी मिळत नाही, हे सोडणार नाही.

घाटमाथा

धागा लाकोटांचा होता हे कुणाच्या लक्षात आहे का?

माळरान

असू दे, विषय तोच आहे. कार्लाइलबद्दल एक राहिलं. रोझबडच्या युवा परिषदेची मुलं २०१५ मध्ये वॉशिंग्टनहून परतताना वाटेत कार्लाइलला थांबली. तिथल्या दफनभूमीत आपल्याच गावांतली मुलं पुरलेली पाहून त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारलं, यांना घरी का नेत नाही? सहा वर्षं पाठपुरावा चालला. जुलै २०२१ मध्ये नऊ मुलांचे अवशेष रोझबडला परत आले, गावोगाव लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. सह्यवारा, त्या मुलांनाही घरून सगळं सांगितलेलं होतं. त्यांनी कुणाशी वैर धरलं नाही, ती दफनभूमी ज्यांच्या ताब्यात आहे त्या सैन्याकडे अर्ज केला.

सह्यवारा

हे माहीत नव्हतं. ठीक आहे, त्या मुलांच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं धरतो. पण ती वयात आलेली होती, नऊ वर्षांची नव्हती. आणि माझे आजोबा जर मला आधी त्या आळीतल्या माणसांच्या घरी चहाला घेऊन गेले असते आणि मग जोत्यावर, तर कदाचित मीही वेगळं लिहिलं असतं. ते गेले नाहीत, म्हणून माझं मत आहे तेच आहे.

वर्णनातलं 'बघण्यासारखं काही नाही' काढतो. तिथे जाताना काय पाळायचं ते लिहा, जोडतो.

माळरान

कबरीवर बांधलेल्या कापडाला, ठेवलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही. प्रार्थना चालू असेल तर खाली थांबायचं. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. कुणी मण्यांचं काम विकायला बसलेलं असेल तर घासाघीस करू नका, सुटे डॉलर जवळ ठेवा. पेट्रोल पाइन रिज गावातच भरून घ्या. आणि कुणी म्हातारं माणूस नातवाशी बोलत असेल तर त्यांना बोलू द्या.

वैनगंगा

मोहगाववर वेगळा धागा काढतेय. इंद्रावती, तुम्ही तिथे या, भांडायलाच या.