बेस गिटार घ्यायची आहे: वाद्य कोणते, अँप कोणता, आणि चांगला बेसवादक कशावरून ओळखावा?

पेटीवाली_धंतोली

नमस्कार. मी नागपूरला धंतोलीत राहते, शाळेत शिक्षिका आहे आणि गेली अकरा वर्षे आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. दोन वर्षांपूर्वी मंडळातल्याच काही जणांनी भावगीते आणि जुनी चित्रपटगीते सादर करणारा एक लहानसा वाद्यवृंद सुरू केला. त्यात ढोलकी, तबला, कीबोर्ड आणि एक गिटार आहे, पण खालचा आधार देणारे वाद्य नाही. मागच्या कोजागरीला एका सोसायटीच्या गच्चीवर आमचा कार्यक्रम होता आणि आमच्या आधी कॉलेजच्या मुलांचा एक बँड वाजवून गेला. त्यांच्यात एक मुलगी बेस वाजवत होती. एका गाण्यात तिने चार-पाच स्वरांपलीकडे फारसे काही वाजवले नसेल, तरीही ती थांबली की गाण्याखालची जमीन निघून गेल्यासारखी वाटे आणि ती परत आली की सगळे पुन्हा ठाम उभे राही. त्या दिवसापासून हे वाद्य शिकायचे असे मी मनाशी ठरवले आहे.

माझे वय ४३ आहे आणि हात लहान आहेत. पेटीवर पुरे सप्तक एका पंजात जेमतेम येते. अँपसह (वाद्याचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरसह) साधारण ३०,००० रुपये खर्च करण्याची तयारी आहे. एका दुकानात विचारले तेव्हा ‘पुढे अडायला नको, पाच तारांची अ‍ॅक्टिव्हच घ्या’ असे सांगितले, पण का, हे काही त्यांना नीट सांगता आले नाही. चार तारा की पाच, अ‍ॅक्टिव्ह म्हणजे नेमके काय, आणि मुळात चांगला बेसवादक कशावरून ओळखायचा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

लाकूड_आणि_तार

ताई, मी बावीस वर्षे सीताबर्डीजवळ तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो, म्हणून वाद्यापुरतेच लिहितो. वाजवण्याविषयी इथले ज्येष्ठ सांगतीलच.

आधी हाताचा प्रश्न. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा तिच्या तारेची लांबी ३४ इंच होती आणि आजही बहुतेक बेस गिटार त्याच मापाच्या असतात. या मापात नट (नेकच्या, म्हणजे वाद्याच्या मानेच्या, टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ते पहिली फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) हे अंतर सुमारे ४८ मिलिमीटर भरते. ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल वाद्यात ते सुमारे ४३ मिलिमीटर होते. फरक ऐकायला किरकोळ वाटला तरी तासभर वाजवल्यावर मनगटाला तो नक्की कळतो. मात्र लांबी कमी झाली की त्याच स्वरासाठी तार सैल ठेवावी लागते आणि सर्वांत जाड तारेचा आवाज थोडा ढिला पडतो. त्यामुळे शॉर्ट स्केलकडे वळण्याआधी नेकची रुंदी पाहावी. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसचा नेक नटजवळ सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असतो, प्रिसिजनचा त्याहून रुंद. लहान हाताला पुष्कळदा लांबीपेक्षा ही रुंदी अडचणीची ठरते. दुकानात दोन्ही प्रकार उभे राहून, पट्टा गळ्यात घालून वाजवून पाहा. बसून पाहिले तर वजनाचा आणि नेक खाली झुकण्याचा अंदाज येत नाही.

आता नागपूरचे म्हणून जे सांगायचे ते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसते, पण फ्रेटचा धातू आक्रसत नाही. मग फ्रेटची टोके नेकच्या कडेने बाहेर येतात आणि हात सरकवताना बोटाला ओरखडे काढतात. दर उन्हाळ्यात माझ्याकडे अशा गिटारी येतात आणि मालकांना वाटते की वाद्यच खराब निघाले. त्याच घरात कूलर सुरू झाला की त्याच्या झोतातली दमट हवा लाकडाला उलट्या दिशेने नेते, नेकचा बाक वाढतो आणि तारा उंच होतात. म्हणून वाद्य कूलरसमोर भिंतीला टेकवून ठेवू नका, वाजवून झाले की केसमध्ये ठेवा, आणि वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलमध्ये व एकदा पाऊस स्थिरावल्यावर, सेटअप, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवणे, करून घ्या. तपासणी घरीही करता येते. पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकच तार एकाच वेळी दाबा आणि मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटजवळ, तार व फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जाते का पाहा. कार्ड जेमतेम सरकले तर ठीक. अजिबात जागा नसेल किंवा दोन-तीन कार्डे जात असतील तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत असलेला बाक जुळवणारा दांडा, फिरवावा लागेल, आणि तो एका वेळी पाव आट्याहून जास्त कधीही फिरवू नये.

पिकअपविषयीही इथल्या घरांचा विचार करूनच सांगतो. पिकअप म्हणजे तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग. त्यातला सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप विजेच्या मोटरची गुणगुण पकडतो. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर ठेवले तर ती बहुधा कटते, पण एक कमी केला की कूलरची घरघर थेट स्पीकरमधून ऐकू येते. महालातल्या किंवा इतवारीतल्या जुन्या वाड्यात प्लगला अर्थिंग धड नसेल तर हा त्रास आणखी वाढतो. प्रिसिजनचा १९५७ पासूनचा दुभागलेला पिकअप ती गुणगुण मुळातच कापतो. म्हणून मधे तसा दुभागलेला आणि ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) एक सिंगल कॉइल अशी जोडी असलेले वाद्य पहिल्यांदा घेणाऱ्याला मी सुचवतो. यामाहा टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझ जीएसआर २०० या दोन्हींत अशीच जोडी आहे.

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे वाद्यातच बॅटरीवर चालणारा, सिग्नल वाढवणारा छोटा प्रीअँप. त्याने खर्ज आणि तीव्र भाग वाद्यावरूनच वाढवता येतात. मात्र बहुतेक वाद्यांत केबल खोचली की बॅटरी खर्च होऊ लागते, त्यामुळे तालीम संपल्यावर केबल काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. सुरुवातीला त्याची गरज नाही. तुमच्या रकमेतले दीड-दोन हजार रुपये सेटअप आणि चांगल्या तारांसाठी बाजूला ठेवा. महागड्या पण न जुळवलेल्या वाद्यापेक्षा मध्यम किमतीचे जुळवलेले वाद्य हाताला लवकर बसते.

खर्ज_१९८४

ताई, मी १९८४ पासून नागपूर आणि आसपासच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बेस वाजवत आलो आहे. गणपतीचे मांडव, लग्ने, ऑक्टोबरमधले भीमगीतांचे कार्यक्रम, सगळीकडे वाजवले. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण बाकीचे प्रश्न पैशाने सुटतात, हा सुटत नाही.

चांगला बेसवादक स्वर कधी सुरू करतो यापेक्षा तो कधी थांबवतो यावरून ओळखावा. पेटीवर तुम्ही बोट उचलले की स्वर थांबतो. बेसच्या जाड तारेचे तसे नाही. ती हात काढल्यावरही घुमत राहते आणि तुम्ही न छेडलेल्या तारासुद्धा तिच्या बरोबर थरथरू लागतात. त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर टेकवून ठेवणे आणि डाव्या हाताची मोकळी बोटे तारांवर हलकेच पसरून ठेवणे, म्हणजे म्यूटिंग, हा पहिल्या महिन्याचा धडा आहे. अनेक जण तो कधीच शिकत नाहीत आणि मग ‘आवाज गढूळ येतो’ म्हणून अँप बदलत राहतात.

मला हे एका ढोलकीवादकाने शिकवले. रेशीमबागेत तालीम चालू होती आणि मी तरुणपणाच्या उत्साहात प्रत्येक मात्रेवर वाजवत होतो. त्यांनी ढोलकी थांबवली, उठून माझ्याजवळ आले आणि तारांवर सरळ तळहात ठेवून म्हणाले, ‘बाबू, इथं माझा घुमारा बोलू दे ना.’ ढोलकीचा घुमारा, तबल्याचा डग्गा आणि बेस ही तिन्ही एकाच तळमजल्यावर राहतात. पाश्चात्त्य बँडमध्ये बेसवादक ड्रमच्या किकशी (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमशी) जुळवून घेतो. आपल्याकडे त्याने डग्ग्याशी जुळवून घ्यायला हवे, आणि डग्गा तर मींडही घेतो.

केरव्याचेच उदाहरण घ्या: धा गे ना ती, न क धी न. समेच्या ‘धा’वर सा लावा आणि तिसऱ्या मात्रेवर तो संपवा, नुसता विरू देऊ नका. पाचव्या मात्रेवर डग्गा गप्प असतो. तिथे तुम्हीही गप्प राहा. सातव्या मात्रेच्या ‘धी’वर मंद्र पंचम घ्या आणि पुढच्या समेवर पुन्हा सा. एवढेच दहा मिनिटे, लय तसूभरही न हलवता वाजवता आले तर तुमच्या वाद्यवृंदाला बेसवादक मिळाला असे समजा. हे कठीण आहे. मला जमायला दीड वर्ष लागले.

ऐकण्याबद्दलही सांगतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन यांचा बेस आहे आणि ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ होते, ए. आर. रहमान यांच्या कितीतरी गाण्यांत कीथ पीटर्स आहेत. ही गाणी ऐकताना गाण्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त खालची रेघ ऐका आणि तोंडाने म्हणा. जी रेघ गुणगुणता येत नाही ती वाजवण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. मात्र हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि तो त्या स्पीकरमधून बाहेर पडूच शकत नाही, हेडफोन लावा.

चौथी_तार

ताई, मी वाजवायला लागून सहाच वर्षे झाली आहेत, पण पेटीवरून बेसवर येणाऱ्याला एक गोष्ट उपयोगी पडेल म्हणून लिहितो. बेसच्या चार तारा, जाड तारेपासून, पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा लागतात. प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीची पुढची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी. कोणत्याही स्वराला सा माना: पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर पंचम मिळतो, त्याच्याही पुढच्या तारेवर, पंचमाच्याच फ्रेटवर, वरचा सा मिळतो, आणि मागच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला मंद्र पंचम असतो. गायकाने पट्टी बदलली तरी ही आकृती तशीच राहते, फक्त हात सरकतो. पेटीवर पट्टी बदलली की बोटांची सगळी मांडणी बदलते, म्हणून हे सुख तुम्हाला विशेष जाणवेल.

पाच तारांचा मुद्दा इथेच उलगडतो. चार तारांत सर्वांत खालचा स्वर पांढरी तीन आहे. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तुमचा सा दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो आणि त्याच्या खालचे सप्तक उपलब्धच नसते. पाचव्या तारेमुळे ते मिळते. पण ढोलकी-तबल्याच्या मेळात इतका खोल सा घुमाऱ्यात मिसळून जातो, आणि पाचव्या तारेमुळे नेक रुंद होतो, जो तुम्हाला नकोच आहे. चारच घ्या.

एका गोष्टीत मात्र लाकूडदादांशी माझे थोडे वेगळे मत आहे. हात दुखून वाद्य कोपऱ्यात पडण्यापेक्षा शॉर्ट स्केलचा किंचित ढिला आवाज परवडला. माझ्या धाकट्या बहिणीने २८.६ इंची आयबानेझ मिक्रोवर सुरुवात केली आणि ती आजही रोज वाजवते.

अँप घरच्या सरावासाठी २० ते ४० वॅटचा पुरे, पण तो बेसचाच असावा. मी पहिल्या वर्षी मित्राच्या गिटारच्या अँपवर मोठ्या आवाजात वाजवले आणि त्याच्या स्पीकरचा पडदा फाटला. भरून द्यावा लागला. कार्यक्रमासाठी मोठा अँप विकत घेऊ नका. एक डीआय बॉक्स घ्या. तो वाद्याचा सिग्नल लांब केबलमधून मिक्सरपर्यंत स्वच्छ पोहोचवतो, आणि मांडवातल्या विजेची गुणगुण येत असेल तर त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण बहुतेक वेळा ती घालवते.

पेटीवाली_धंतोली

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळा सुटल्यावर सदरला जाऊन दोन तास वाद्ये पाहिली. ३४ इंची वाद्य उभ्याने पट्ट्यावर घेतले तेव्हा पहिल्या फ्रेटपाशी करंगळी ताणली जात होती, पण पाचव्या फ्रेटच्या पुढे हात अगदी सहज बसला. ३० इंचीवर कुठेच ताण आला नाही, मात्र जाड तार छेडल्यावर ती खरोखरच थोडी लडबडते. दुकानदारांनी कूलर चालू ठेवला होता. मी मुद्दाम एका वाद्याचा एकच पिकअप चालू ठेवून पाहिला आणि ती घरघर ऐकली. व्हिजिटिंग कार्डही सोबत नेले होते. एका नेकमध्ये तीन कार्डे गेली.

केरवा मी सध्या पेटीच्या खर्जाच्या पट्ट्यांवर वाजवून पाहते आहे. तिसऱ्या मात्रेवर स्वर संपवणे जमते. पाचव्या मात्रेवर गप्प राहताना लय पुढे पळते. यावर काही उपाय असेल तर सांगावा.

खर्ज_१९८४

पाचव्या मात्रेवर पाय आपटू नका, श्वास सोडा. आणि तबलेवाल्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास तुमच्याबरोबर फक्त ठेका वाजवायला बसवा, गाणे न घेता. मेट्रोनोमपेक्षा ते बरे, कारण डग्ग्याचा आवाज कुठे विरतो हे मेट्रोनोम सांगत नाही.

लाकूड_आणि_तार

तीन कार्डे गेली ते वाद्य आवडले असेल तर त्यावरून नाकारू नका, पण विकत घेण्याआधी दुकानदारांना तुमच्यासमोर ट्रस रॉड फिरवून दाखवायला सांगा. रॉड फिरत नसेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर ते वाद्य सोडून द्या. ३४ इंची घेतलीत तर पहिले तीन महिने पाचव्या फ्रेटच्या पुढेच सराव करा, करंगळीला सवय झाली की मग खाली या.