‘पर्सनल एस्से’ला मराठीत काय म्हणायचं?

एरंडवणेकर: भाची बारावीत आहे, अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांसाठी एकच भरायच्या ऑनलाइन अर्जात, स्वतःबद्दल २५० ते ६५० शब्द लिहायचे असतात. घरात सगळे ‘एस्से’च म्हणतात. तिच्या आजोबांना मी ‘निबंध’ म्हटलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, “विषय काय दिलाय?” नेमका शब्द आहे का आपल्याकडे?

शब्दवेल्हाळ: वैयक्तिक निबंध. प्रश्न मिटला.

मास्तरीण: इतक्यात नाही मिटत हो. ‘वैयक्तिक’ हा रजेच्या अर्जातला शब्द. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं की पुढे कोणी काही विचारायचं नसतं. इथे तर नेमकं तेच सांगायचंय.

आणि ‘निबंध’ म्हणाल, तर चिपळूणकरांनी १८७४ साली पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा त्या शब्दाला चांगली धार होती. लेखकाची मतं, राग, तिरकसपणा सगळं त्यात मावायचं. नंतर शाळेने त्याची पार इस्त्री केली. आता निबंध म्हणजे सुरुवातीला सुविचार, मध्ये फायदे-तोटे, शेवटी ‘म्हणूनच म्हणतात ना…’ अप्पा बळवंत चौकातून कोणतंही निबंधाचं पुस्तक आणा, हाच साचा.

त्याहून गंमत ‘आत्मवृत्ता’ची. ते आपण मुलांकडून लिहून घेतो, पण कुणाचं? फाटक्या पुस्तकाचं, वठलेल्या झाडाचं, पडक्या किल्ल्याचं. दहावीपर्यंत मूल ‘मी’ म्हणून भरपूर लिहितं, फक्त तो ‘मी’ ते स्वतः नसतं. मग सतराव्या वर्षी कुणी म्हणालं, “तुझ्याबद्दल लिही,” की पोरं आपलं प्रगतिपुस्तक वाचून दाखवतात. बक्षिसं, टक्के, ऑलिंपियाड. ते सगळं अर्जात दुसरीकडे भरलेलं असतंच की.

नाटकवेडा: मनोगत?

मास्तरीण: ते सत्कारमूर्ती व्यक्त करतात. शाल-श्रीफळ स्वीकारून.

नाटकवेडा: बरं, मग स्वगत. पण नको, स्वगतात समोर कोणी नाही असं धरून बोलायचं असतं. इथे प्रवेश समितीतला माणूस वाचणार हे पक्कं ठाऊक असतं.

पेठकर: माझं मत ‘कैफियत’ला. जुन्या दप्तरात घराण्यांच्या, गावांच्या कैफियती आहेत. आम्ही कोण, कुठून आलो, कसं गुजरलं, तुमच्यापुढे का उभे आहोत. अर्जाबरोबर जायला याहून चपखल काय?

मास्तरीण: शब्द देखणा आहे, पण आज ‘कैफियत मांडली’ म्हटलं की पाणी दोन दिवस आलं नाही असं वाटतं.

चिकित्सक: सगळेच अर्ज एका पिशवीत कोंबू नका. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे अर्ज यूकास ही संस्था घेते, तिचं ‘पर्सनल स्टेटमेंट’ वेगळं. त्याला ४००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि २०२६च्या प्रवेशांपासून ते तीन प्रश्नांत विभागलंय. त्यातला पहिलाच प्रश्न, हा विषय का शिकायचाय? एमएसवाल्यांचं एसओपी, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, तेही त्याच कुळातलं. या दोघांना ‘हेतुकथन’ खुशाल म्हणा. कॉमन अ‍ॅपवाल्यांना हेतू नकोय, माणूस हवाय. अडचण आली तेव्हा काय केलंस, कुणाबद्दल कृतज्ञ वाटलं, असले त्यांचे विषय, आणि एक तर चक्क ‘हवं ते लिही’. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देतं, त्यातल्या चारांची उत्तरं प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत.

त्यासाठी शब्द तयार आहे, ‘आत्मपर लेख’. ललित गद्याबद्दल बोलताना समीक्षक सर्रास वापरतात. ‘आत्मनिवेदन’ मात्र टाळा. ती नववी भक्ती, तिथे अहंकार सोडायचा असतो. कॉलेजच्या अर्जात तो थोडा लागतो.

शब्दवेल्हाळ: ‘आत्मपर लेख’ मान्य. पण ‘एफसी रोडच्या कॅफेत बसून आत्मपर लेख लिहितेय’ असं कोण म्हणणार? मुली ‘एस्से’च म्हणतील.

चिकित्सक: म्हणू देत. घरच्यांना आणि शिक्षकांना समजावताना ‘निबंध’ एवढा टाळला तरी अर्धं काम होतं.

एरंडवणेकर: चालेल. आता लिहायला जो प्रश्न दिलेला असतो, त्या ‘प्रॉम्प्ट’ला काय म्हणू? ‘विषय’ म्हटलं की पुन्हा निबंधच आला.

नाटकवेडा: आमच्याकडे प्रॉम्प्टर विंगेतून पुढचा शब्द सुचवतो. ‘सूचक प्रश्न’ म्हणा.