लोणच्यातलं मोहरीचं तेल विष आहे? सविस्तर उत्तर

लश्करकर:
दौलतगंजच्या ताईंची पोस्ट वाचली. म्हणणं असं की ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी कैरीच्या लोणच्यात मोहरीचं तेल घालणं बंद करावं. का, तर त्यात एरुसिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं, ते हृदयाला घातक असतं, अमेरिकेत हे तेल खाण्यासाठी विकू देत नाहीत. त्याऐवजी रिफाइंड सोयाबीन वापरा. अर्धी माहिती देऊन लोकांना घाबरवलेलं मला पटत नाही.

एरुसिक आम्ल 40 ते 50 टक्के असतं, कबूल. पण हृदयाच्या स्नायूंत चरबी साठल्याचं दिसलं ते उंदरांत, आणि उंदराच्या शरीराला हे आम्ल नीट जाळता येत नाही. माणसात तसा आजार सिद्ध झालेला नाही. लोणच्याच्या फोडीबरोबर पोटात जाणारं तेल ते किती! उलट सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल, म्हणजे हवेने बिघडणारं मेदाम्ल. उघडमीट होणाऱ्या बरणीत ते लवकर खवट होतं. मोहरीचा झणका बुरशीला आवरतो, ते काम सोयाबीन करत नाही.

दौलतगंज:
पोस्ट माझीच आहे, म्हणून विचारते. तेल धूर येईस्तोवर तापवता ना? झणका आणणारं द्रव्य उडून जाणारं असतं, ते धुराबरोबर गेलं. मग बुरशीला आवरतं कोण? आणि मोहरीच्या तेलातही लिनोलेनिक आम्ल, तसंच हवेने बिघडणारं, 10 टक्क्यांच्या घरात आहे. खवट तेही होतं.

लश्करकर:
झणका मोहरीच्या डाळीतून येतो. कच्ची डाळ कुटली आणि कैरीचं पाणी लागलं की तिच्यातलं झणका तयार करणारं एन्झाइम काम सुरू करतं. म्हणूनच फोडणी पूर्ण गार करून ओतायची. गरम ओतली तर एन्झाइम मरतं आणि लोणचं कडवट, बोथट लागतं. 1 किलो फोडींना 150 ते 200 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम डाळ, आणि तेल फोडींच्या वर बोटभर. बुरशी येते ती तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीवर किंवा ओल्या चमच्याने.

दौलतगंज:
म्हणजे झणका डाळीचा, तेलाचा नाही. मग दाण्याचं तेल घातलं तरी चालेल, हे तुम्हीच सिद्ध केलंत. सोयाबीनचा हट्ट मी सोडते. मोहरीचा तुम्ही सोडा.

मुरारकर:
एरुसिकवर भांडत बसलात. खरा धोका दुसरीकडे आहे. घाणीवरून सुटं तेल कॅनमध्ये भरून आणता, त्याचं काय? 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली; हे विषारी तण, बी मोहरीसारखं दिसणारं. 60 हून जास्त माणसं गेली, हजारो आजारी पडली. पाय सुजतात, धाप लागते, डोळ्यांचा दाब वाढतो. त्यातलं सँग्विनरिन हे विष तापवून जाईल, असा भरवसा धरू नका. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानेच मनाई आहे, राज्याने सूट दिली तरच चालतं.

घाणीप्रेमी:
सरसकट घाणीवाल्यांना बदनाम करू नका. भिंड-मुरैन्याच्या शेतातली मोहरी फेब्रुवारी-मार्चमध्ये कापतात, धोत्र्याचं बी पिकतं एप्रिल-मेमध्ये. चुकून मिसळणं अवघड आहे. जो मिसळतो तो जाणूनबुजून मिसळतो, आणि तो बंद डब्यातही मिसळू शकतो. पूर्वी 'मिश्र तेल' म्हणून मोहरीत दुसरं तेल घालायला परवानगी होती, ती 8 जून 2021 पासून बंद झाली. तोवर बंद पुड्यांतून काय खात होतो आपण?

मुरारकर:
ती परवानगी लेबल लावून, परवाना घेऊन होती. तुमच्या कॅनवर लेबल कुठे आहे? बॅच नंबर नाही, तारीख नाही. कुणी आजारी पडलं तर मागे जाऊन पकडणार कुणाला?

घाणीप्रेमी:
मी मोहरी स्वतः निवडून नेतो आणि समोर उभा राहून काढून घेतो. धोत्र्याचं बी काळपट, खरखरीत. दाबून फोडलं की आत पांढरं. मोहरी गुळगुळीत, आत पिवळी. मूठभर बी पांढऱ्या ताटलीत पसरलं की ओळखू येतं.

मुरारकर:
बी स्वतःचं असेल तर ठीक, तेवढं मानतो. पण तुमच्या आधी घाण्यात कुणाचं बी होतं? आणि तयार तेल घेणाऱ्याने काय करावं? धोत्र्याची भेसळ रंगावरून दाखवणारी नायट्रिक आम्लाची चाचणी घरात करू नका, हात भाजेल. शिवाय भेसळ थोडी असली तर ती रंगच दाखवत नाही. प्रयोगशाळेशिवाय खात्री नाही.

दौलतगंज:
मूळ प्रश्न राहिला. एरुसिक नको असेल तर पुसा मोहरी 30 नावाचं वाण आहे, त्यात ते 2 टक्क्यांच्या आत. झणकाही राहतो.

लश्करकर:
त्या वाणाचं तेल दाल बाजारात वेगळं मागून मिळालं, तर मी विरोध करणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनीच सोडलीत. तेल कुठलंही असो, ते जंतू मारत नाही, फक्त हवा तोडते. कैरी स्वतः आंबट, म्हणून निभावते. सोललेला लसूण नुसता तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू हवेशिवायच वाढतो, वासही येत नाही. लसणाच्या, भरल्या मिरचीच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर, मीठ पूर्ण. आंबटपणा घालायचा नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

दौलतगंज:
हे तुम्ही पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं.