कंडोम फाटला. तपासण्या कोणत्या, कधी, कुठे करायच्या? (नाशिक) तातडीने मदत हवी आहे

वेळ कमी आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास संबंधाच्या वेळी कंडोम फाटला. कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कडेची रिंग जागेवर होती आणि पुढचा भाग पूर्ण उसवलेला.

मी २७ वर्षांची, अविवाहित, नाशिकला नोकरी करते. मित्र चांगला आहे, माझ्याइतकाच घाबरला आहे. पण त्याचे आधी दुसरीकडे संबंध होते आणि त्याने आजवर एकही तपासणी केलेली नाही, हे त्यानेच सांगितलं. गर्भ राहू नये म्हणूनची ७२ तासांची गोळी मी रविवारी सकाळीच घेतली. तेवढं माहीत होतं, त्यापुढचं काहीच माहीत नाही.

आज सोमवार. सकाळी एका लॅबला फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी विचारलं, "कशासाठी करायची आहे? मिस्टरांचीपण करायची का?" मी फोन ठेवून दिला. आमचे फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र आहेत आणि सिव्हिलला माझी सख्खी मावशी स्टाफ नर्स आहे. म्हणजे दोन्ही दारं बंद.

आज रक्त दिलं तर काही कळेल का? की थांबायचं? थांबायचं तर किती? आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या असतात असं ऐकलंय, त्या खरंच मिळतात का? मला त्रास काहीच नाही, ना जळजळ, ना अंगावरून जाणं. कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: सह्याद्री_वारा

ताई, घाबरू नका. त्रास काही नाही म्हणताय, म्हणजे बहुतेक काही नसेल. आणि तपासायचंच असेल तर ब्लड बँकेत जाऊन रक्तदान करा. ते लोक एचआयव्ही, कावीळ सगळं तपासतात, फुकटात होतं आणि कुणी काही विचारतही नाही.

प्रतिसाद: समुपदेशक_मी

वरचा सल्ला कृपया अजिबात ऐकू नका. भावनेने दिला असेल, पण तो दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. लागण झाल्यानंतरचे काही दिवस, कधी काही आठवडे, ती तपासणीत दिसतच नाही, याला विंडो पिरियड म्हणतात. त्या दिवसांत दिलेलं रक्त तपासणीतून सुटून एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला चढू शकतं. तपासून घेण्यासाठी रक्तदान कधीच करायचं नाही.

मी सरकारी तपासणी केंद्रात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलं आहे. ताई, तुमच्या प्रश्नात दोन घड्याळं आहेत. त्यातलं तपासणीचं घड्याळ सावकाश चालतं. गोळ्यांचं मात्र आत्ता पळतंय, म्हणून आधी तेच.

एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या औषधांना पेप म्हणतात. ती घटनेपासून ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस रोज घ्यावी लागतात. तुमची मुदत मंगळवारी रात्री अकराला संपते. पण मुदतीपर्यंत थांबायचं नसतं, जितक्या लवकर तितका उपयोग जास्त. आजच दुपारी जा. योनिमार्गाच्या एका संबंधातून लागण होण्याची शक्यता कमीच असते, समोरच्याला एचआयव्ही असला तरी. म्हणून गोळ्या घ्यायच्या की नाही, हे डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतील. मित्राने आजच तपासणी करून घ्यावी, त्याचा निकाल या निर्णयाला मदत करेल. पण त्याच्या रिपोर्टसाठी गोळ्या लांबवू नका.

सिव्हिल टाळायचं असेल तर एखादे एमडी मेडिसिन किंवा संसर्गजन्य रोगांचे खासगी डॉक्टर गाठा, तेही या गोळ्या लिहून देतात. सरकारी ठिकाणी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, विचारायचं असतं. १०९७ हा मोफत फोन नंबर आहे, जवळचं केंद्र तिथे सांगतात. आणि मावशींची भीती मी समजू शकते, पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची संमती आणि गुप्तता दोन्ही बांधून दिली आहेत. एचआयव्हीची मोफत तपासणी करणारी आयसीटीसी केंद्रं उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही आहेत. नाशिकच्याच सिव्हिलला जायला हवं असं नाही.

आता तपासण्या. आज एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी आणि सिफिलिससाठी व्हीडीआरएल करा. यातून शनिवारच्या रात्रीचं काहीही कळणार नाही, फक्त त्याआधीची तुमची स्थिती कळेल. तरीही ती नोंद हवी, पेप सुरू करताना तर हवीच. साधारण दोन आठवड्यांनी गोनोरिया आणि क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या जंतुसंसर्गांची पीसीआर. बायकांसाठी योनीतला स्वॅब चांगला, तो स्वतःही घेता येतो. मित्राला लघवी द्यावी लागेल, तीही सुरुवातीच्या धारेची, आणि त्याआधी तासभर लघवीला गेलेलं नसावं. लॅबमध्ये हे बरेचदा सांगत नाहीत आणि मग मधल्या धारेची बाटली भरली जाते. सहा आठवड्यांनी एचआयव्हीची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) तपासणी, आणि तीन महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिस पुन्हा. पेप घेतलंत तर या तारखा डॉक्टर बदलून देतील.

कावीळ बीची लस झाली आहे का, हे आईला नाही तर जुन्या लसीच्या कार्डाला विचारा. सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ मध्ये आली, म्हणजे तुमच्या वयाच्या अनेकांची राहून गेली आहे. झाली नसेल तर पहिला डोस आत्ताच घ्या, अशा प्रसंगानंतर लवकर घेतलेली लसही संरक्षण देते.

त्रास नाही म्हणजे आजार नाही, असं धरून चालू नका. बायकांमध्ये क्लॅमिडिया बहुतेक वेळा गुपचूप राहतो आणि पुढे गर्भनलिकांचं नुकसान करतो. आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' लिहिणाऱ्यांकडे तर पाऊलही टाकू नका. त्वचा व गुप्तरोग विभागातला किंवा सरकारी सुरक्षा क्लिनिकमधला डॉक्टर हाच योग्य माणूस. डेटॉल वगैरेने आतून धुवायचं नाही. रिपोर्ट येईपर्यंत कंडोमशिवाय संबंध नको.

प्रतिसाद: दुपारचा_चहा

कंडोमसोबत खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन वापरलं होतं का? तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतो. पाण्यावर आधारित जेल वापरायचं. पाकिटात महिनोन् महिने ठेवलेलाही वापरू नये.

धागाकर्ती

समुपदेशक ताई/दादा, तुमचे उपकार कसे फेडू! दुपारी सुट्टी टाकून खासगी एमडी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एकदाही भुवया उंचावल्या नाहीत. एचआयव्ही, कावीळ आणि किडनीचं क्रिएटिनिन तपासायला रक्त घेतलं आणि गोळ्या लिहून दिल्या, पहिली तिथेच घेतली. कावीळ बीच्या लसीचा पहिला डोसही झाला. मित्राने आयसीटीसीत तपासणी केली, निगेटिव्ह आहे. पण गेल्या तीन महिन्यांतलं त्यात दिसलं नसेल तर, म्हणून डॉक्टर म्हणाले की गोळ्या चालू ठेवा.

एकच शंका. मी रोज रात्री कॅल्शियमची गोळी घेते. चालेल का? आणि पाळी लांबली तर?

समुपदेशक_मी

छान केलंत. चिठ्ठीवर डोल्युटेग्राविर असेल तर कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची औषधं त्या गोळीबरोबर नकोत. पेपची गोळी आधी घ्या, कॅल्शियम किमान दोन तासांनी. कॅल्शियम आधी घेतलं गेलं तर मध्ये सहा तास जाऊ द्या. डॉक्टरांच्या कानावरही घाला. तातडीच्या गोळीने पाळी थोडी मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली, किंवा शनिवारपासून तीन आठवडे झाले, की गर्भाची चाचणी करा. मळमळ झाली म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या मध्येच सोडू नका, डॉक्टरांना फोन करा, मळमळीचं औषध मिळतं.