अंग दुखतंय म्हणजे नक्की काय होतंय? आपापले अनुभव लिहा

दोन महिने झाले, सकाळी उठलं की अंग नुसतं आंबलेलं असतं, रात्रभर कोणी बडवून काढल्यासारखं. ताप नाही, काही नाही. घरात म्हणतात वय झालं (मी ४१!). डॉक्टरकडे जाणारच आहे, पण तुमचं शेवटी काय निघालं, कशाने उतार पडला ते लिहा. नुसतं "व्यायाम कर" लिहायचं असेल तर राहू द्या, ते सासूबाई रोज सांगतात.

*

माझं सेम होतं. कंबर, पिंढऱ्या, आणि जिना चढताना मांड्या भरून यायच्या. रक्त तपासलं तर डी व्हिटॅमिन ९, आणि २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. पुण्यात एवढं ऊन पण आपण सकाळी एसीत शिरणार नि अंधार पडल्यावर बाहेर येणार, लागणार कधी ते अंगाला. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा अशी आठ आठवडे दिली, दुधातून घ्या म्हणाले कारण फॅटबरोबर नीट शोषलं जातं. सहाव्या आठवड्यात जिना आठवेनासा झाला. माझं बघून शेजारणीने रोज एक पुडी चालू केलेली, तिला आधी थांबवलं, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं.

*

२००६ च्या साथीत वडिलांना चिकनगुनिया झालेला. ताप चार दिवसांत गेला, सांधे मात्र सहा महिने धरलेले, कपबशी उचलता येईना. आई निर्गुडीचा पाला उकळून शेकायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. एक सांगते, ताप असून अंग मोडून येत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, मेडिकलमधून ब्रुफेन वगैरे आणून खाऊ नका, रक्तस्रावाची भीती असते.

*

थायरॉईड. वजन वाढत होतं, केस गळत होते, मी अंगालाच तेल चोळत बसले वर्षभर.

*

आमचं दुखणं हौसेचं 😀 कळसूबाई चढलो, दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी संडासला बसता येईना. चढण्यापेक्षा उतरणं नडतं, तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जाता जाताच वजन पेलत असतो. गरम पाणी, थोडं चालणं, चार दिवसांत गायब. त्यामुळे धागाकर्तीचं दोन महिन्यांचं दुखणं या खात्यातलं नाही.

*

कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का कोणाची? सासऱ्यांना त्यानेच मांड्या दुखायच्या. त्यांनी न विचारता गोळी बंद केली, मग डॉक्टरांची बोलणी खाल्ली. सीपीके (स्नायूंना इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून दुसरी गोळी दिली.

*

धागाकर्ती: गोळी नाही चालू कुठली. पण जिना चढताना मांड्या भरून येणं, ते अगदी माझं! केस पण गळतायत, आता तेही आठवायला लागलं. डी आणि थायरॉईड दोन्ही सांगते. उपाशीपोटी जायचं का?

*

डी ला नाही लागत उपाशी. थायरॉईडचं मी सकाळीच दिलेलं, लॅबला फोन करून विचार एकदा.